अक्काचं रक्त

दुपारी जेवून मन्मथ सोफ्यावर आडवा होतो. बाहेर रॉटरडॅमची थंडी, आत हीटरची घरघर. दवाखान्याचा फोन वाजतो. रक्त तपासायच्या दोन तारखा त्यानं बुडवल्यात. हाही फोन तो न उचलता पालथा ठेवतो. अक्का गेल्यापासून त्याला त्या इमारतीचं तोंड बघवत नाही.

त्याला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा हीच थोरली बहीण लातूरहून विमानानं आली, आपल्या रक्तातल्या पेशी देऊन गेली, म्हणून तो जगला. त्याचा रक्तगटसुद्धा बदलून तिचा झाला. पुढं तोच रोग तिला झाला आणि ती गेली.

डोळे मिटतात न मिटतात तोच सोफ्याचं बाकडं होतं, समोर लातूरच्या डॉक्टरचा हॉल. शेजारी अक्का. मेली तरी कपाळावरची आठी तशीच आहे.

"झोपायलास का? लई सुखात हाईस."

"अक्का, तू कधी आलीस?"

"मी कुठं गेले होते? इथंच बसवलंय मला. सहा महिने रक्तवाढीच्या गोळ्या. म्हणे वय झालं, थकवा यायचाच. तुझं तिकडं आठवड्यात कळलं, चाळिशीत कळलं. मला वयानं गाठलं आणि गावानंही."

"मी द्यायला तयार होतो ना."

"काय देणार होतास? माझंच मला?"

डॉक्टरही तेच म्हणाले होते: त्याच्या रक्तात आता तिच्याच पेशी, त्या तिला परत देऊन उपयोग नाही. मन्मथच्या डोक्यात तिडीक जाते. बाकड्याची आता दवाखान्यातली खुर्ची झालीय, अक्काच्या दंडातली नळी थेट त्याच्या छातीत शिरतेय.

"द्यायचं नव्हतंस मग," तो म्हणतो. "रोज तुझं ओझं वागवतोय मी. येऊ दे तो रोग परत, सुटेन एकदाचा."

अक्का त्याचं मनगट धरते. हाडं करकरतात.

"मरायचंय तर स्वतःच्या रक्तानं मर. माझं हाय तोवर तपासून घ्यायचं. कळलं का, मन्म्या?"

तो दचकून उठतो. मनगट ठणकतंय. बाही वर सारतो तर कातडीवर निळे डाग. असे डाग म्हणजे रोग परतल्याची खूण असू शकते, हे त्याला पाठ आहे. तो घाईघाईनं दवाखान्याला फोन लावतो.

"अंगावर कुठं निळं पडलंय का?" नर्स ठरलेला प्रश्न विचारते.

"हो. मनगटावर."

"किती ठिकाणी?"

मन्मथ हात उजेडात धरतो.

"चार बोटं," तो म्हणतो, "आणि अंगठा."