नवव्या क्रमांकाची मागणी

बाहेरून येणाऱ्या कापसावरचं आयात शुल्क काढू नका, एवढंच आम्हाला सांगायचं होतं. ते निघालं, तर आमच्या कापसाचा भाव पडणार होता. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांच्या संघटनेची मी सचिव. दिल्लीचे साहेब बुलढाण्याला येणार म्हणून निवेदन मीच लिहिलं. मागण्या सभासदांच्या वयाच्या क्रमाने लिहायची आमची रीत. अकरा झाल्या, शुल्काची नववी.

साहेबांनी पान उलटलं. "सूतगिरणीवाल्यांनी सकाळी एकच मागणी दिली, शुल्क काढा. तुमची मुख्य कोणती?"

मी तोंड उघडण्याआधी आमचे सर्वांत ज्येष्ठ काका पुढे सरकले. "आमच्या नांदुऱ्याले जलद गाडीचा थांबा द्या."

"काका, नववी सांगा नं," मी हळूच म्हटलं.

"काऊन बाई? पहिलीवाला मेला का?"

सगळे हसले, साहेबही. त्यांनी थांब्याखाली रेघ ओढली आणि पुढच्या मंडळींना बोलावलं.

बाहेर येऊन मी एका ओळीचं नवं निवेदन लिहिलं, शिपायाला दिलं. ते आत पोचलं का, हे विचारायला तीनदा दारापर्यंत गेले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मॅडम, साहेब तं जेवायले गेले. कागद माह्याच खिशात हाय."