कणकेचा शंकू

मंडळी, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या नातीने आज दुपारी लॅपटॉपवर एक शंकू फिरवून दाखवला. तिरका काप दिला की आतलं लंबवर्तुळ लगेच समोर येतं.

"आजोबा, तुमच्या वेळी हे कसं समजायचं?"

साठच्या दशकात मी हिवरखेडहून अमरावतीला इंजिनिअरिंग शिकायला आलो. वडील शेतकरी. ड्रॉइंगच्या तासाला फळ्यावरचा शंकू मला काही केल्या दिसेना. परीक्षेत नापास झालो, तेव्हा ट्रंक भरली आणि निरोप घ्यायला ड्रॉइंगच्या सरांच्या घरी गेलो.

"सर, मले नुसत्या रेघाच दिसते. मी गावाले चाललो."

"जाशील. आधी आत ये."

आत काकू पुऱ्यांसाठी घट्ट कणीक मळत होत्या. सरांनी त्यातला मोठा गोळा उचलला, त्याचा शंकू केला आणि ताणलेल्या दोऱ्याने तो तिरका कापला. खालचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "आता पाय, दिसते का?"

फळ्यावरची ती वाकडी रेघ माझ्या हातात होती. मी तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिलो. डोळे भरून आले होते.

काकूंनी विचारलं, "समजलं का त्याले? मंग माझी कणीक द्या इकडे."

मी गावी गेलो नाही. त्या पुऱ्या खाऊन होस्टेलवर परतलो आणि पुढे आयुष्यभर पूल बांधले.

तुम्हाला न दिसणारी गोष्ट कुणी अशी हातावर ठेवली होती का? त्यांच्याबद्दल लिहा ना.