एका जेवणाच्या दोन गोळ्या

अण्णांना साखर कमी करायच्या दोन गोळ्या मी एकाच जेवणाला दिल्या. चुकून नव्हे, पूर्ण विचार करून दिल्या.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या पुढं, मुक्काम सांगली, धर्म जैन, आणि नियम असा की सूर्य मावळला की तोंडात पाण्याचा थेंबही नाही. चतुर्दशीला तर दिवसातून एकदाच जेवण, तेही दुपारी. मिरजेच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, एक गोळी सकाळी जेवणाआधी, एक रात्री जेवणाआधी. यात चतुर्दशी कुठं बसवायची, हे त्यांना विचारायला हवं होतं. पण उपासाचा विषय काढला की ते चष्मा काढून बघतात, आणि चष्मा काढून बघणारी माणसं मला सोसत नाहीत.

शिवाय मी हळदीचा व्यापारी. (कुणी न विचारता सल्ला देणं हा आमचा जोडधंदा.) माझा हिशेब सरळ होता. जेवण एकच, तर गोळ्या दोन्ही एकदम. किरकोळीत दोनदा द्यायचं ते ठोक भावात एकदा!

"आवं, डॉक्टरांना एक फोन तरी लावा," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? पोटात गेल्यावर गोळीला काय कळतंय, सकाळ हाय का रात्र?"

अण्णांनी तळहातावरच्या गोळ्यांकडं पाहिलं. "दोन्ही?"

"दोन्ही. लय विचार केलाय, अण्णा."

"त्याचंच भ्या वाटतंय," म्हणत त्यांनी गोळ्या गिळल्या.

दिवेलागणीला अण्णा सोप्यात बसल्या बसल्या घामानं डबडबले. मी पंखा लावला. मग त्यांचे हात थरथरायला लागले. थंडी वाजत असणार, म्हणून पंखा तसाच ठेवून वरून घोंगडं घातलं. (दोन्ही तक्रारींवर एकाच वेळी इलाज, ही माझी खासियत.) एवढ्यात अण्णा समोरच्या भिंतीला म्हणाले, "काय पावणं, च्या घेणार का?"

मी समाधानानं सुनंदाला हाक मारली. "बघ, आज किती मोकळं बोलायलेत."

ती बाहेर आली, बघितलं आणि थेट माझ्यावरच उखडली. "मोकळं कसलं? साखर उतरलीया त्यांची. साखरपाणी आणा आधी!"

मी पेला घेऊन धावत आलो. अण्णांनी ओठ घट्ट मिटले.

"सूर्य मावळला."

भिंत कुठली आणि पाहुणा कुठला हे त्यांना कळत नव्हतं, पण सूर्य मावळलेला बरोब्बर कळत होता.

"अण्णा, आ करा. औषध समजा."

"औषध दुपारी दिलंस की."

मी खिडकीचा पडदा सरकवून "अजून उजेड हाय बगा" असंही म्हणून पाहिलं. बाहेर अंधार पडला होता. अण्णांनी मान फिरवली. मग त्यांचा हात माझ्या हातात सैल पडला, गार लागला, आणि पापण्या खाली यायला लागल्या. तेव्हा मात्र माझ्यातला व्यापारी, सल्लागार आणि वैद्य असे तिघेही एकदम पळून गेले. उरला फक्त घाबरलेला पोरगा, पन्नाशी उलटलेला.

सुनंदानं डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. दोन्ही गोळ्या एकदम दिल्याचं मी सांगितलं.

"जागे आहेत ना? गिळता येतंय?" डॉक्टर म्हणाले. "मग साखरपाणी आत्ता पाजा आणि लगेच इकडं घेऊन या. आजोबा, ऐकताय का? पिऊन टाका."

अण्णांनी एक डोळा उघडला. "कोन बोलतंय?"

"डॉक्टर," सुनंदा म्हणाली.

"ह्यो न्हवं?" अण्णांनी माझ्याकडं बोट केलं.

"न्हवं, अण्णा. डॉक्टरच."

अण्णांनी आ केला. सगळा पेला संपवला, तोंड पुसलं आणि सुनंदाला म्हणाले, "मग आदी सांगायचं न्हाई व्हय? मला वाटलं, ह्याचीच आणि एक आयडिया हाय."