दाबून राह्य

आमच्या जुन्या पिकअपला ब्रेक होते. फक्त गाडी त्यांचं ऐकत नव्हती. आर्णीच्या बाजारातून येताना मी पेडल दाबायचो आणि ती तिला वाटेल तिथे थांबायची.

त्यात मेव्हण्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आलं. केळापूरला, मुलीच्या घरी, दुपारी. माझी बायको मंदा नवरदेवाची एकुलती बहीण, म्हणजे नवरीला पहिलं कुंकू लावायचा मान तिचा. तो चुकला तर माझं उरलेलं आयुष्य कसं जाईल, याची मला पूर्ण कल्पना होती.

"एसटीनं जाऊ ना," ती सकाळीच म्हणाली.

"घरची गाडी असताना एसटीनं कायले? चाकातलं रबर कालच बदललं. आता ब्रेकच्या नळीतली हवा काढली का झालं. धा मिनटाचं काम हाय."

(हे काम मी मोबाइलवर पाहिलं होतं. त्यात खरंच दहा मिनिटं लागतात. मधलं कापून दाखवतात, हे नंतर कळलं.)

काम सोपं. एकाने सीटवर बसून पेडल दोन-चारदा दाबायचं आणि मग दाबून धरायचं. दुसऱ्याने गाडीखाली झोपून चाकामागचा छोटा नट सैल करायचा, हवा बाहेर आली की कसायचा. नट सैल असताना पेडल सुटलं की हवा परत आत! मंदा नवी साडी सावरत सीटवर बसली आणि मी खाली शिरलो. (पुन्हा कपडे बदलण्यात वेळ जाऊ नये म्हणून पांढरा सदरा आधीच चढवला होता. माझी दूरदृष्टी अशी असते.)

"मंदा, दाबून राह्य!"

"दाबून राह्यली!"

मी नट सोडला. तेलाची पिचकारी थेट कपाळावर! नट कसला, पुन्हा सोडला, पुन्हा पिचकारी. तेल संपत आलं तरी हवा संपेना. पाना दोनदा नाकावर पडला, आणि वर मंदाचा फोन वाजत होता.

"ताई, निघाले का?" तिकडून मेव्हणा.

"निघून राह्यलो रे बाबू," वरून मंदा.

वेळेत पोचवणारी शेवटची एसटी वळणावरून हॉर्न देत गेली, तेव्हा माझा धीर सुटला. मी तावातावाने बाहेर आलो आणि पाहतो तर मंदाचा पाय शिलाई मशीनसारखा चालू!

"अवं, पाय काहून हालवून राह्यली?"

"तुमीच तं म्हनता, दाबून राह्य. मंग दाबूनच राह्यली ना."

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे 'जेवून राह्यलो' म्हणजे घास चालू आहे आणि 'येऊन राह्यलो' म्हणजे माणूस वाटेत आहे (बहुधा घरीच). मग 'दाबून राह्य' म्हणजे दाबतच राहा! मी खालून हवा काढत होतो आणि ती अर्धी सकाळ इमानदारीने आत भरत होती.

"मंग 'पाय हालवू नोको' म्हना," ती म्हणाली. "मी का तुमच्या पोटात शिरून पाहू?"

मी तेल पुन्हा भरलं, तिने पाय रोखून धरला आणि थोड्याच वेळात पेडल दगडासारखं घट्ट झालं. अंघोळीला वेळ नव्हता. पुढे ब्रेक इतके झकास लागले की प्रत्येक गतिरोधकाला मंदाचं कपाळ काचेला टेकून आलं. ती कपाळ चोळत प्रत्येक एसटी थांब्याकडे बोट दाखवत होती. मला ते जास्त लागलं.

आम्ही पोचलो तेव्हा नवरीला नुकतीच पाटावर बसवत होते. मंदा उडी मारून धावली आणि पहिलं कुंकू तिनेच लावलं. मांडवाच्या कडेला उभं राहून ते बघताना खरंच माझे डोळे भरून आले. (थोडं ब्रेक ऑइलही होतं.)

तेवढ्यात नवरीच्या काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ड्रायवरभाऊ, गाडी तिकडं निंबाखाली लावा अन् मांगच्या पंगतीत जेवून घ्या." मग ते मंदाकडे वळले. "बाई, तुमचे मालक काहून नाही आले?"

मंदाने आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग सदऱ्याकडे.

"त्यायचं घरी काम निघालं," ती म्हणाली.

मी निमूट गाडी निंबाखाली नेली. एका दाबात थांबली. बघायला मात्र मालक आले नव्हते.