बुधवारचा बहुरूपी

अमेरिकेतल्या आमच्या ओपलूसस गावात न्हाव्याच्या खुर्चीत ऑक्टाव्ह गिलरी बसला की खुर्ची आधी कण्हते, आणि मग कुणीतरी विचारतंच, "दादा, तुम्ही खरंच व्यावसायिक संघात खेळायचात?"

"खेळतोय कुठला? मार खायचो. पगारी."

अमेरिकी फुटबॉलमध्ये ऑक्टाव्हचं काम समोरच्या गड्यांची भिंत फोडायचं आणि मागच्या चेंडूवाल्याला लोळवायचं. मोठ्या संघानं त्याला घेतलं तेव्हा गावानं चर्चच्या अंगणात मासे तळले होते. पण संघानं त्याला ठेवलं ते सरावापुरतं. येत्या रविवारी ज्यांच्याशी गाठ, त्यांच्या सगळ्यात दांडग्या भिंतफोड्याच्या नंबराचा सदरा बुधवारी ऑक्टाव्हच्या अंगावर चढायचा. त्यानं त्या गड्यासारखं वाकायचं, त्याच्यासारखं गुरगुरायचं, म्हणजे आपल्या पोरांना सवय होते. बेटा सोंग असं हुबेहूब वठवायचा की प्रशिक्षकसुद्धा दचकायचे. रविवारी मात्र साध्या कपड्यांत कडेला उभा.

रविवारी संध्याकाळी आईचा, अर्नेस्टीनबाईंचा, फोन ठरलेला.

"टीव्हीला डोळे लावून बसले होते. दिसला नाहीस."

"आज नव्हतो गं."

"मग शेजारच्या लिओन्टीनला चर्चमध्ये काय सांगू? तुला काय नुसतं जेवायला ठेवलंय?"

तिचे डोळे अधू होत चालले होते. ते पुरते जायच्या आत तिनं एकदा तरी आपल्याला मैदानात बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. त्यात तीन वर्षं गेली.

मग एका डिसेंबरात एका खेळाडूचा गुडघा गेला आणि ऑक्टाव्हला बोलावणं आलं. पाठीवर स्वतःचं आडनाव बघून त्याला रडूच फुटलं, आणि तेवढ्यात सामना सुरू झाला.

समोर सोन्याच्या दाताचा एक डोंगर होता. ऑक्टाव्हनं गेल्या बुधवारचा डाव टाकला. डोंगरानं त्याला उताणा पाडला.

"हा तर आमच्या दाढीवाल्याचा डाव," डोंगर म्हणाला. "त्याचा बरा असतो."

पुढच्या वेळी ऑक्टाव्हनं दुसऱ्याची नक्कल केली. पुन्हा उताणा.

"हाही ओळखीचा. तुझं स्वतःचं काही आहे का रे, की सगळंच उसनं?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न ऑक्टाव्हलाही तेव्हाच पडला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सामना संपत आला तोवर त्याच्या छातीचा भाता झाला होता. दोघे अंगावर आले, तेव्हा आता कुठलंच सोंग आठवेना, म्हणून तो होता तिथंच बसला. दोघे त्याच्यावर कोसळले, चेंडूवाला त्या ढिगाला अडखळून पडला, आणि त्याला पाडणारा म्हणून भोंग्यावरून नाव पुकारलं गेलं ते भलत्याचंच. ऑक्टाव्ह सगळ्यांच्या खाली होता.

त्या संध्याकाळी फोन त्यानंच केला. "आई, आज होतो मी."

"बघितलं की."

"तुला नंबर कुठे दिसतो आता?"

"नंबर कशाला हवाय? तो ढीग उठला ना, तेव्हा शेवटचा एक गुडघ्यावर हात टेकून, आधी चड्डी वर ओढून, कुणी बघितलं तर नाही ना अशा बेतानं उठला. तुझा बाप असाच उठायचा. लिओन्टीनला म्हटलं, तो बघ माझा."

"बाकी काही जमलं नाही गं," ऑक्टाव्ह म्हणाला.

"तेही दिसलं. पण होतास."

मंगळवारी संघानं त्याला नारळ दिला. आईला कळवायचं म्हणून त्यानं फोन हातात घेतला आणि ठेवला, असं दिवसभर चाललं. त्याच्यानं सांगणं काही झालं नाही.

पुढच्या रविवारी त्याच संघाचा सामना तो भाड्याच्या खोलीत, बांधलेल्या सामानावर बसून बघत होता. सामना संपला आणि अर्नेस्टीनबाईंचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"आज तर चारदा दिसलास रे. छान उठलास."

"हो गं," ऑक्टाव्ह म्हणाला. "आज जमत होतं."