रंगमंदिराचा खोटा इतिहास

कुठलंही मोडकं लाकूड दिसलं की मामा त्यावर बोटाचं पेर वाजवून बघायचे आणि म्हणायचे, "ह्यात अजून जीव हाय." मामा म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई. राहात्याकडच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायचो. असे मामा तुम्हीही पाहिले असतील. त्यांचं नाव विचारायची तसदी आपण कुणीच घेत नाही.

शाळेमागे पत्र्याचं जुनं गोदाम होतं. आत मोडकी बाकं आणि उंदीर. गॅदरिंगचा मंडप दरवर्षी वाऱ्याने उडायचा, म्हणून एका मे महिन्यात मामांनी गोदाम झाडून काढलं आणि बाकांच्या फळ्यांचा रंगमंच ठोकला. फळ्यांवर पोरांनी करकटकाने नावं कोरलेली होती. मामांनी ती बाजू खाली घातली.

"रंधा मारा की मामा," मी म्हणालो.

"नगं सर. पोरांची नावं हायेत ती. त्येंच्यावर पाय कशापायी द्यायचा?"

पत्र्यामुळे आवाज घुमायचा, संवाद कळायचे नाहीत. मामांनी साखर कारखान्यावरून रिकामी पोती आणली, दाभणाने शिवून भिंतींना टांगली. घुमणं थांबलं, पण मुंग्या आल्या. पहिल्याच नाटकात आमचा राजा सिंहासनावर बसून खाजवत होता. मामा म्हणाले, "बघू द्या की त्येंनाबी नाटक."

शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. स्मरणिकेत रंगमंदिराचा इतिहास मी लिहिला. मामांना त्यांचं पूर्ण नाव विचारून घेतलं आणि पहिल्याच ओळीत घातलं. छापून आलं तेव्हा तिथे होतं, 'संस्थेच्या दूरदृष्टीतून साकारलेले रंगमंदिर'. मामा कुठेच नाहीत. खाली लेखक म्हणून माझं नाव मात्र ठळक.

संस्थेचे सचिव म्हणाले, "शिपायाचं नाव टाकलं की उद्या सगळेच मागतील."

दूरदृष्टी म्हणे. त्या गोदामाचं दार कुठल्या बाजूला आहे हेही या लोकांना माहीत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माझ्या कायम नेमणुकीचा कागद सचिवांच्याच टेबलावर पडून होता, त्यामुळे ती मस्तकातच राहिली.

मामा दोन वर्षांपूर्वी वारले. मला अजून संस्थेचा राग येतो, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

स्मरणिका आली त्या दिवशी मामांनी दोन प्रती मागून घेतल्या होत्या. एक घोडेगावला दिलेल्या लेकीसाठी. ऑफिसात उभं राहून, ओळीखाली बोट फिरवत त्यांनी ते पान वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सचिव समोरच्या खुर्चीत बसले होते.

"सर, हे तुमी लिवलंय?"

"हो," मी म्हणालो.

"बरं लिवलंय."

दोन्ही प्रती त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि तास संपल्याची घंटा द्यायला गेले.