पाठमोरी शाळा

आमच्या वाडीच्या शाळेची पाठ गावाकडं का?

हे माझं सगळ्यांना विचारून झालंय. बांधणारा गवंडी म्हणाला, "साहेबानं दोरी मारून दिली, मी रचत गेलो." साहेब म्हणाले, "माझ्या आधीच्या साहेबांना विचारा." आधीचे साहेब बदली होऊन कुठल्या कुठं गेलेले.

गावाकडं नुसती सपाट भिंत, दार ओढ्याकडं. एका अंगाला निवडुंग माजलेला, म्हणून पोरांनी दुसऱ्या अंगानं, ओढ्याच्या उतारावरून वळसा घालून आत जायचं. एरवी ठीक. पावसाळ्यात ओढा पायरीला लागला की शाळा बंद. त्या भिंतीत गावाच्या बाजूनं एक दार पाडावं, एवढंच माझ्या दादाला हवं होतं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ रंगनाथ, शाळा समितीचा अध्यक्ष.

दादा या श्रावणात गेला. भेटायला येणारा माणूस ओट्यावर टेकतो, डोळे पुसतो, चहा घेतो आणि म्हणतो, "त्या मीटिंगची गंमत ठावं हाय का?" झालं. एकाची संपते तोवर दुसऱ्याला आठवते. घरात सुतक आणि ओट्यावर हशा. परवा तर दाराआडून वहिनीच म्हणाली, "आसं न्हाई, पुढचं इसरला तुमी." मी चौथीतून शाळा सोडलेला. तरी म्हटलं, जमेल तसं लिहावं.

* * *

दादा अध्यक्ष झाला तो बोकडामुळं.

पंचायत समितीचे शिक्षणाचे साहेब आले होते. मारुतीच्या पारावर गाव जमलं. साहेबांनी विचारलं, "शाळा समितीचा अध्यक्ष कोण होणार?" सगळ्या माना खाली. तेवढ्यात एक बोकड मागून आला आणि साहेबांच्या गळ्यातला झेंडूचा हार खायला लागला. दादा हाकलायला उठला.

"हे उभे राहिले. हेच अध्यक्ष," साहेब म्हणाले.

"साहेब, मी बोकडासाठी उठलो."

"कशासाठी का होईना. या गावात उठणारा एकच माणूस दिसला."

टाळ्या पडल्या. बोकडानं हार संपवला.

* * *

समितीत दादाखेरीज तात्या, कोंडामावशी आणि शांतवन गुरुजी.

तात्या वयानं सगळ्यात मोठे. कुणीही काहीही म्हणालं की त्यांचं ठरलेलं वाक्य, "माझा विरोध हाय." मडक्यात प्यायचं पाणी भरावं म्हटलं तरी विरोध. दादा दोन मीटिंगांत शहाणा झाला. तिसऱ्या मीटिंगला तो उभा राहिला आणि गंभीर तोंड करून म्हणाला, "भिंतीत दार पाडू नये, आसं माझं मत हाय."

तात्या खवळले. "का पाडू नये? माझा विरोध हाय. दार पायजेलच."

"आता तात्याच म्हनत्यात तर..." दादा म्हणाला, आणि ठराव एकमतानं पास.

त्यानंतर दरवेळी हेच. दादा घरी येऊन तात्यांची नक्कल करायचा आणि भाकरी हातात धरून हसत सुटायचा.

परवा तात्या ओट्यावर बसले होते. म्हणाले, "म्हादू, तुझा भाऊ उलटं बोलून माझ्याकडून कामं काढायचा. मला पयल्या दिवशीच कळलं हुतं."

"मग गप का बसला, तात्या?"

"त्याला लई मजा यायची रं."

* * *

दिवाळीच्या आधी ऊसतोडीला निम्मी वाडी जाते. पोरं आईबापांबरोबर गेली की शाळा ओस. समितीनं ठरवलं, पोरं मागं ठेवून घ्यायची आणि वार लावून घरोघरी जेवू घालायची. दादानं पहिल्याच दिवशी आमच्या घरी चार पोरं आणली.

वहिनी म्हणाली, "तुमी शाळेचे अध्यक्ष का खानावळीचे?"

पण खरा घोळ बुधवारी झाला. प्रत्येक पोराला बुधवारी कोंडामावशीकडंच जेवायचं होतं. दादाला वाटलं, मावशीची माया. दुसरीतल्या एका पोरानं खरं सांगितलं. बुधवारी मावशी बाजार करते आणि पानात गुळाची गोडीशेव वाढते.

दादा म्हणाला, "चौकशी करावी लागंल."

पुढचे सगळे बुधवार अध्यक्ष मावशीकडं चौकशीला जेवत होते.

* * *

दाराला खरा विरोध एकाच माणसाचा, आणि तोही मीटिंगमध्ये कधी निघाला नाही. शांतवन गुरुजींचा.

झालं असं. तपासणीला साहेब अचानक आले. जीप गावाच्या बाजूनं आली, शाळेच्या पाठीशी थांबली. साहेब उतरून भिंतीच्या कडेकडेनं दार शोधायला लागले. त्या भिंतीवर कोंडामावशीच्या गवऱ्या थापलेल्या. साहेब गवऱ्या बघत बघत पार चुकीच्या टोकाला गेले आणि निवडुंगात शिरले. जीपचा आवाज गुरुजींनी ऐकलाच होता. साहेब काटे काढून दाराशी पोहोचेपर्यंत विटीदांडू खेळणारी पोरं रांगेत बसली, फळा पुसला, वर्ग झाडला आणि कविता निम्मी म्हणून झाली.

साहेब खूश. "वा, काय शिस्त!"

ते गेल्यावर गुरुजी दादाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अध्यक्ष, दार पाडायची एवढी घाई आहे का? प्रभूनं काही विचार करूनच ही भिंत ठेवली असेल."

* * *

दाराची परवानगी साहेबांच्या हातात. ते जागा बघायला आले ते दुष्काळात. दादानं त्यांना ओढ्यात नेऊन उभं केलं. ओढ्यात धूळ उडत होती.

"पाणी कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"पावसाळ्यात येतंय, साहेब."

"आत्ता नाही ना? मग दाराची गरज कशी दाखवू?"

यंदा पाऊस झाला. ओढा पायरीच्या वर चढला. दादा आनंदानं नाचायचाच बाकी होता. लगेच माणूस पाठवला, "साहेब, पानी आलंय, बघाया या." साहेबांचा निरोप आला, वाटेत पाणी आहे, ओसरलं की येतो.

"वसरल्यावर काय बघनार, बेडकं?" दादा म्हणाला.

मग दादानं शाळा बंद ठेवलीच नाही. सकाळी कमरेएवढ्या पाण्यातून एकेक पोर खांद्यावर घेऊन दाराशी पोहोचवायचा, संध्याकाळी परत आणायचा. गुरुजी हजेरी घेताना शेवटी त्याचंही नाव घ्यायचे.

"रंगनाथ?"

"हजर गुर्जी, पन वला."

पोरं लोळायची हसून.

त्यातच त्याला ताप भरला. पाथर्डीच्या दवाखान्यात नेईपर्यंत राहिला नाही.

* * *

दहावा ओढ्याकाठीच, शाळेच्या दारासमोर झाला. पाणी उतरलं होतं. पत्रावळीवर पिंड ठेवला. कावळा शाळेच्या कौलांवर येऊन बसला, पण खाली उतरेना.

माणसं एकेक शब्द देऊ लागली. आमचे मामा म्हणाले, "सूनबाईला अंतर देनार न्हाई." कावळा हलेना. मी म्हणालो, "बैल इकनार न्हाई, दादा." नाहीच. गुरुजी टोपी हातात घेऊन मागं उभे होते. तेही पुढं येऊन म्हणाले, "रंगनाथ, दाराला माझी हरकत नाही." कावळ्यानं मान फिरवली, बस.

शेवटी तात्या ओरडले, "दार पाडू रं बाबा. समितीचा शब्द हाय."

समितीचे शब्द दादानं लई ऐकले होते. मी उठलो. ओला पंचा तसाच, मुंडन केलेलं डोकं. घरून पहार आणली, शाळेच्या पाठीमागं गेलो आणि भिंतीवर पहिला घाव घातला.

मागून सगळी माणसं धावत आली. कोंडामावशी सगळ्यांच्या पुढं. "आरं थांब, थांब मुडद्या!"

मला वाटलं, धरतीय.

"माझ्या गवऱ्या काढू दे आदी."

तिनं भराभरा गवऱ्या उतरवल्या. गुरुजी वळसा घालून आत गेले आणि आतून ओरडले, "जरा डावीकडं घे, इथं फळा आहे."

"माझा विरोध हाय," तात्या म्हणाले आणि कुणाच्या तरी हातातला टिकाव हिसकावून माझ्या शेजारी उभे राहिले.

माती पडली, दगड सुटले. डोकं जाईल एवढं भोक पडलं तसा मी वाकून आत बघितलं. सरळ दिसत होतं. वर्ग, वर्गापलीकडं उघडं दार, दारातून ओढा, ओढ्याच्या काठी पत्रावळ. पत्रावळीवर काही नव्हतं. कावळा कधी आला, कुणी पाहिलंच नाही. सगळे इकडंच होते.

मी पहार उचलली आणि भोक मोठं करायला लागलो.